भोंग्याचा गोल

— नाही, त्या खुर्चीवर नको बसूस, तिचा एक पाय गेलाय, आणि तू आधीच पडलेला माणूस, आणखी कुठं पडतोस. इथं बस, बाकावर. बोर्डाच्या पेटीला पाठ करून बसलास तरी चालेल, पण वायरीवर पाय देऊ नकोस, साडेतीनला शाळेच्या मुलींचा सामना आहे, तोवर मला हे सगळं चालू करायचंय. गोड पाव खाणार? कालचाच आहे. नको? लहानपणी माझ्या स्वयंपाकघरात ओट्यावर बसून अख्खा पाव संपवायचास, आणि मावशी, अजून आहे का, म्हणून विचारायचास. आता शहरात राहून पोट लहान झालं असेल. तर काय विचारत होतास — भोंगा मी वाजवला का. तिसऱ्यांदा विचारतोयस, डिनिस. लीगच्या समितीच्या बाईनं सोमवारी फोनवर विचारलं, पेपरवाल्यानं विचारलं, चर्चच्या पायरीवर फादरनी हळूच विचारलं, आणि सगळ्यांना जे सांगितलं तेच तुला सांगते. भोंगा वाजला तेव्हा माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर होते. असे. एकावर एक. शुक्रवारी समितीसमोर बायबल आणा, त्यावर हात ठेवून सांगेन.

तो कागद खाली ठेव ना, उगाच घाम लागतोय त्याला. वाचलाय मी. जिन्यावरून वर येईपर्यंत तू धापा टाकत होतास तेवढ्यात वाचून झाला माझा. ‘मी, झुल्मिरा रेझेंदेस, मान्य करते की रविवारच्या फुटबॉल सामन्याची नव्वद मिनिटं भरताच भोंगा हेतुपुरस्सर वाजवण्यात आला’ — हेतुपुरस्सर! कुठल्या वकिलानं लिहिला रे? आणि यावर मी सही केली की रविवारचा सामना रद्द, पुन्हा खेळायचा, कुठंतरी तिसऱ्याच गावात, जिथं ना तुमचं कोणी ना आमचं. आणि तोवर तुमचा ग्रॅनाइट बे संघ वरच्या गटात तसाच. चौतीस वर्षं मैदानावरचा हा घड्याळाचा बोर्ड चालवते मी, शाळेच्या ऑफिसात होते तेव्हापासून. चौतीस वर्षांत कधी कोणी माझ्याकडं सही मागायला हा जिना चढून आलं नाही. एकदम मोठी बाई झाले मी.

बोर्ड जुना आहे, हे काय मी तुला सांगायला हवं? मध्यंतरात खाली कॉफीवाल्या बायकांनी दोन्ही किटल्या एकदम लावल्या, फ्यूज उडाला, बोर्ड विझला. पुन्हा लावला की तो आपल्या मूळ सवयीवर जातो — शाळेच्या सवयीवर — पंचेचाळीसपासून उलटा, खाली खाली, शून्यापर्यंत. शून्य झालं की भोंगा. आपोआप. चौथ्या पंचानं खालून हात केला, उलटं चाललंय म्हणून, मी इथून हात केला, फ्यूज म्हणून. त्यानं खांदे उडवले. खरी वेळ पंचाच्या मनगटावर असते, बोर्डावर नाही, हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. तुलाच माहीत नव्हतं. म्हणजे — माहीत होतं, विसरलास. त्यावर येतेच मी.

आधी मला एक सांग, तूच ना तो — तीन वर्षांपूर्वी पेपरात मुलाखत देऊन म्हणाला होतास, वरचा संघ खाली आणि खालचा वर ही पद्धत अमेरिकेत चालायची नाही? मी कापून ठेवलीय ती. कुठं ठेवलीय ते विचारू नकोस. इथला माणूस संघ विकत घेतो तो दुकान घेतल्यासारखा घेतो, म्हणालास, आणि उद्या दुकान आपोआप मागच्या गल्लीत जाणार असेल तर कोण घेईल? बरोबर बोललास. मालकांच्या बाजूनं अगदी बरोबर. कारण त्यांना खेळायचं नसतंच, त्यांना बसायचं असतं. एकदा आत बसलं की बसलं. आणि आपल्याकडची तर गंमतच — शेवटचा नंबर आला की पुढच्या वर्षी कॉलेजातून निघालेली चांगली पोरं पहिल्यांदा निवडायचा मान त्याला. नापास झालेल्याला पेढे! मग सप्टेंबरपासून खालचे चार संघ समुद्रावर सुट्टीला आल्यासारखे खेळतात, हरतात, हात हलवतात, घरी जातात. लोकही निम्म्यात उठून जातात. आणि इकडं आमची पोरं, छपरं शाकारणारी, मासळीच्या कारखान्यात बर्फात हात घालून उभी राहणारी, पाच वर्षं ओळीनं खालचा गट जिंकली, आणि बक्षीस काय, तर पुढच्या वर्षी पुन्हा तोच गट. मग लीगनं एकदाची पद्धत बदलली. वरचा शेवटचा, खालचा पहिला, एकच सामना, बरोबरी झाली तर वरचा वर राहणार. आणि चालली की नाही पद्धत? खरं सांग. तुमचं स्टेडियम या सप्टेंबरात जसं भरलं तसं अकरा वर्षांत भरलं होतं का? तुमच्या तिकिटाच्या रांगेचा फोटो मी पाहिला, रांग कोपऱ्यावरून वळली होती. पडायची भीती बघायला लोक आले. तुम्ही जिंकत होतात तेव्हा नाही आले. म्हणजे तुझंच म्हणणं तुझ्याच तिकिटबारीनं खोटं पाडलं.

पण मला काय, मला पद्धतीशी देणंघेणं नाही. उगाच मोठेपणा कशाला घेऊ. लीगनं तो नियम केला त्या दिवशी मी अंगणात उभी राहून एकटीच हसले, आणि मनात एकच आलं — डिनिस बोटेल्योला आता खाली यायला जिना झाला.

एकोणीस वर्षं, डिनिस. तू तेव्हा आपल्या गावच्या क्लबचा, वीव्हर्सचा, चिटणीस. तुझ्या छातीवर आमचं चिन्ह, धोट्याचं, कापडगिरणीतल्या त्याच धोट्याचं, जो तुझ्या आजीनं चाळीस वर्षं फेकला. सभासदांच्या घरोघरी फिरलास तू, लोकांच्या स्वयंपाकघरात बसून सह्या घेतल्यास. म्हातारी माणसं, इंग्रजी धड वाचता येत नाही, त्यांना सांगितलंस, काका, दिव्यांसाठी आहे, मैदानावर मोठे दिवे लावायचेत. लोकांनी सह्या केल्या. तू आमच्यातला होतास म्हणून केल्या. आणि कागद निघाला लीगमधली आमची जागा विकण्याचा. त्या हिवाळ्यात संघ शहरात गेला, नावासकट, करंडकासकट, काचेच्या कपाटासकट. कपाटही नेलंत रे! दुसऱ्या वर्षी नाव बदललंत, तिसऱ्या वर्षी चिन्हातून धोटा काढलात. तुझ्या कार्डावर आता डेनिस छापलंय ना? धोटा काढला, ‘डिनिस’मधलं काय काय काढलंस तेही कळतंय.

आणि दिवे मात्र आजही नाहीत. बघ, खिडकीतून बघ. आहेत कुठं? म्हणून तर रविवारचा सामना दुपारी दोनला लावावा लागला.

माझा नवरा, अबीलियो, काही बोलला नाही. तुला वाटलं असेल शिव्या घातल्या असतील. नाही. त्यानं तुझं नावच घेतलं नाही पुन्हा. फक्त शनिवार आला की चुन्याची गाडी काढायचा आणि मैदानावर रेषा आखायचा. संघ नाही, सामना नाही, काही नाही — आताचा संघ पोरांनी पुढं कितीतरी वर्षांनी उभा केला. गोलची चौकट, मधलं वर्तुळ, कोपरे, सगळं. दोन वर्षं. मी इथून, याच खिडकीतून बघायची. पाऊस झाला की रेषा जायच्या, पुढच्या शनिवारी पुन्हा. एकदा मी म्हटलं, कोणासाठी करतोस? तर म्हणाला, रेषा नसल्या तर पोरांना कळणार नाही मैदान कुठं संपतं ते. आणि मग एका शनिवारी वर्तुळ अर्धंच राहिलं. तू फुलं पाठवली होतीस. पांढरी. मोठा गुच्छ. मी तो शेजारच्या बकरीला घातला. तिनंही पूर्ण नाही खाल्ला.

म्हणून म्हणते, हो, मी मेणबत्त्या लावल्या. सगळ्या गावाला माहीत आहे. या वर्षी मार्चपासून दर रविवारी चर्चमध्ये सांतो क्रिस्तोच्या मूर्तीपुढं एक मेणबत्ती — ग्रॅनाइट बे हरू दे. फादर म्हणाले, झुल्मिरा, देवाला असल्या गोष्टी मागत नाहीत, आणि देवाला फुटबॉल कळत नाही. मी म्हटलं, त्याला कळायची गरज नाही, निकाल मी सांगेन. मे महिन्यात मी मुद्दाम तुमच्या गोलकीपरचं नाव घेऊन मेणबत्ती लावली, त्याला आजारी पाड म्हणून, आणि त्याला खरंच कांजिण्या आल्या. मला वाईट वाटलं. दोन दिवस. दोनच. तुम्ही सहा सामने ओळीनं हरलात तेव्हा मी केस कापून घेतले, नवा झगा शिवला. बायका म्हणाल्या, कोणाचं लग्न आहे? मी म्हटलं, लग्न नाही, दुसरं काहीतरी आहे. आणि रविवारी तू आलास. उंटाच्या रंगाचा तो लांब कोट घालून आपल्या या लाकडी बाकांवर बसलास, आणि वर माझ्या खिडकीकडं एकदाही बघितलं नाहीस.

आता बोलू दे, मधे मान हलवू नकोस. रविवारी काय झालं ते तू खालून पाहिलंस, मी वरून पाहिलं, आणि वरून जास्त छान दिसलं. एक-एक. बरोबरी. बरोबरी म्हणजे तुम्ही वर, आम्ही जिथं होतो तिथं. पंचानं हात वर करून चार बोटं दाखवली, चार मिनिटं आणखी. ती तू पाहिली नाहीस, तुझी नजर बोर्डावर होती. तुम्हा सगळ्यांचीच बोर्डावर होती. पाच, चार, तीन, दोन, एक — तुमच्या बाकावरचे सगळे मोजायला लागले, अगदी मोठ्यानं, नवीन वर्षाला मोजतात तसं — आणि भोंगा. आणि तुमची पोरं थांबली! हात वर, गुडघ्यावर बसली, एक जण तर गवताचं चुंबन घेत होता. अकरातली नऊ जणं कॉलेजातून आलेली ना तुमची. शाळेपासून त्यांच्या अंगात तेच भिनलंय, घड्याळ शून्यावर आलं, भोंगा वाजला, खेळ संपला, बसमध्ये बसायचं. कांजिण्यांवाला गोलकीपर गोल सोडून मिठी मारायला धावला. आणि तू — डिनिस, तू! — तो कोट उडवत रेषेच्या आत आलास, दोन्ही हात वर. वीस पावलं. मी मोजली. वीस पावलं तू अमेरिकेतला सगळ्यात सुखी माणूस होतास.

आमचीही पाच-सहा थांबली, खोटं नाही बोलत. तीही इथल्याच शाळेतली. फक्त नेलिओ थांबला नाही. नेलिओ फर्ताडो, तो छपरं शाकारतो, चार वर्षांपूर्वी तिकडच्या आपल्या मूळ बेटावरून आला, त्यानं उलटं घड्याळ शाळेत कधी बघितलेलंच नाही. त्याच्या लेखी भोंगा म्हणजे कुठल्यातरी गाडीचा. तो आपला चेंडू घेऊन चालत राहिला — चालतच, धावलासुद्धा नाही, त्याला अडवायला कोणी नव्हतं — आणि रिकाम्या गोलात चेंडू ठेवला. एखाद्यानं टेबलावर किल्ल्या ठेवाव्यात तसा. पंचानं शिट्टी मारली, मधोमध बोट दाखवलं. गोल. तुमची बारा माणसं पंचाच्या अंगावर धावली, तर त्यानं शांतपणे सांगितलं, सामना संपल्याची शिट्टी मी फुंकलेली नाही, कोणी थांबायला सांगितलं? नेलिओ दुसऱ्या दिवशी मला विचारत होता, मावशी, तो भोंगा कसला होता?

मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. तू मधल्या वर्तुळाजवळ हात खाली आणत उभा होतास, हळूहळू, कोणीतरी दोऱ्या सोडल्यासारखा, आणि मी इथं हात मांडीवर ठेवून बसले होते आणि म्हणत होते, बघ अबीलियो, बघ. त्याच वर्तुळावर उभा होतास तू. अर्धं राहिलं होतं ना, त्याच.

आणि कोणी शिकवलं होतं तुला? सांग ना. नऊ वर्षांचा होतास तेव्हा याच मैदानावर अबीलियोनं तुम्हा बारा-तेरा जणांना ओळीत उभं करून काय सांगितलं होतं? खेळ पंच संपवतो. भोंगा गिरणीचा असतो, माणसांना आत घालायला आणि बाहेर काढायला. मैदानावर शिट्टी. शाळेच्या सामन्यात भोंगा झाला तरी तो तुम्हाला पळवायचा, शिट्टी ऐकेपर्यंत, तुमच्या आया ओरडायच्या, जेवण गार होतंय म्हणून. भोंग्यावर राग होता त्याचा, खरा राग. त्याचे वडील भोंग्यावर उठले, भोंग्यावर जेवले, भोंग्यावर मेले. त्यानं तर ज्या दिवशी क्लबला हा बोर्ड वापरायला मिळाला त्याच दिवशी वर येऊन त्या आपोआप भोंग्याचा खटका खाली पाडला आणि त्यावर पट्टी चिकटवली, ती पांढरी, तुम्हा पोरांच्या घोट्याला गुंडाळायचा ती. तूच तर गुंडाळी धरून उभा होतास इथं, दहा-अकरा वर्षांचा असशील. शाळेच्या सामन्याला मी बटण दाबून हातानं वाजवते, त्यांना लागतो, पण आपोआप म्हणून तो भोंगा त्या दिवसानंतर कधीच —

काय बघतोस?

तिकडं काय आहे बघण्यासारखं. पेटी आहे. धूळ आहे. माझ्याच्यानं पुसणं होत नाही आता. तो — तो धुळीतला स्वच्छ चौकोन होय. तिथं कॅलेंडर होतं. छोटं. बेकरीवाल्याचं.

नको रे असं बघूस. नाही, कॅलेंडर नव्हतं. एवढ्या लहान जागेत कसलं कॅलेंडर बसतंय. पण मी खोटं बोलले नाही हं, डिनिस, हे लक्षात घे. भोंगा वाजला तेव्हा हात मांडीवर होते म्हटलं, ते मांडीवरच होते. तेव्हा होते. मी तेवढ्यासाठीच ठेवले होते, शपथ घेता यावी म्हणून. मध्यंतराचं मला कोणी विचारलंच नाही. फ्यूज खरंच उडाला — दोन किटल्या एकदम लावा म्हणून कॉफीवाल्या बायकांना कोणी सांगितलं ते राहू दे — बोर्ड पुन्हा लागला, पंचेचाळीस दिसायला लागले, उलटे. एक कळ फिरवली असती तर सुलटा झाला असता, सीझनभर तशीच तर फिरवते. माझा हात कळीवर होता. आणि खिडकीतून तू दिसलास, कागदी कपातून आमची कॉफी पीत होतास, आणि कुणाशी तरी हसत होतास. मग कळीवरचा हात पट्टीवर गेला. चौतीस वर्षांची पट्टी, सहज नाही निघाली, नखानं खरवडावी लागली. मग खटका वर केला आणि बसले. पंचेचाळीस मिनिटं बसले. मला माहीत होतं कोण थांबेल. तुम्ही सगळे थांबाल. नेलिओचं मला ठाऊक नव्हतं, देवाशपथ, मला एवढंच हवं होतं की तू एकदा सगळ्या गावासमोर नाचावंस आणि नाचताना तुझे पाय —

हसतोयस?

नाही, हसलास. ओठ हलले. अरे, तुझा चेहरा तर एकदम खुलला. आत आलास तेव्हा राखेसारखा होता. मी कबूल केलं आणि तू मोकळा श्वास घेतलास, मला ऐकू आला. म्हणजे हेच हवं होतं तुला. थांब, थांब जरा, मला नीट समजू दे. कालच्या पेपरात तूच म्हणालास ना — आम्ही हरलो नाही, आमच्यावर भोंगा वाजवला गेला. छापलंय तसं. आणि गावातही आता तेच म्हणतात, आपलीच माणसं, बेकरीत, सलूनमध्ये, भोंग्याचा गोल, भोंग्याचा गोल. नेलिओचा म्हणतच नाही कोणी. त्याच्या आईनं तिकडं बेटावर शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून बोलावून दाखवला, आणि इथं त्याचं नावच नाही त्याला. ते मी खाल्लं. आणि तुला — तुला मी काय दिलं? आयुष्यभर पुरेल असं निमित्त दिलं. सामना पुन्हा होवो न होवो, तू म्हातारा होशील आणि कुठल्यातरी क्लबात खुर्चीवर बसून सांगशील, आम्हाला एका म्हातारीनं फसवलं, नाहीतर आम्ही वरच होतो. लोक म्हणतील, अरेरे. एकोणीस वर्षं वाट बघून, मेणबत्त्या लावून मी तुला लोकांचं ‘अरेरे’ मिळवून दिलं!

आणि त्याची पट्टी काढून. त्याचीच. त्याला ज्याचा राग होता तेच वाजवलं मी, त्याच्यासाठी म्हणून.

बोलू नकोस. एक मिनिट काही बोलू नकोस.

पेन दे.

दे म्हणते ना. तुझा कागद नको, हा हेतुपुरस्सर वगैरे नको मला, मागच्या बाजूला लिहिते, माझ्या अक्षरात. ‘मी झुल्मिरा रेझेंदेस, अबीलियोची बायको’ — विधवा नाही लिहिणार — ‘रविवारी मध्यंतरात मी भोंग्यावरची पट्टी काढली. मला कोणी सांगितलं नव्हतं. नेलिओ फर्ताडोला काही माहीत नव्हतं.’ झालं. आणि खाली हेही लिहिते, वाच, मोठ्यानं नको, मनात वाच. ‘सामना पुन्हा घ्यायचा तर याच मैदानावर घ्यावा. दोष मैदानाचा नाही, माझा आहे. मी त्या दिवशी इथं नसेन.’ समिती ऐको न ऐको, पण मी शुक्रवारी जाऊन हेच उभ्यानं सांगणार आहे, आणि तूही तिथं असशील, तर हो म्हण. हो म्हणायची हिंमत असेल तर.

आता का चेहरा उतरला? सही हवी होती ना? ही घे सही. पोरं मला शिव्या घालतील, घालू देत. बेकरीवाला माझ्याकडं बघून पाव पिशवीत टाकेल, बोलणार नाही. ही खुर्चीही जाईल, तीन पायांची का असेना, चौतीस वर्षं बसलेय तिच्यावर. आणि नेलिओला मी आज संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन सांगणार, बाळा, तुझा गोल गेला, दुसरा कर. हरले पुन्हा तर? हरू शकतात, मला माहीत आहे. तुमची पोरं वेगानं पळतात, तुमच्याकडं पाय चोळायला तीन-तीन माणसं आहेत. हरलो तर हरलो, मी पुढच्या मार्चपासून पुन्हा मेणबत्त्या लावीन, आता जिना तर झालाय, तो काही कोणी काढून नेत नाही, कपाट नव्हे ते. पण जिंकलो तर, डिनिस — जिंकलो तर बोर्डावर मिनिटं सुलटी असतील, भोंगा नसेल, नुसती शिट्टी असेल. तीनदा. आणि तुझ्याकडं सांगायला काही नसेल. कोणालाच काही सांगता येणार नाही तुला, बायकोलासुद्धा. तू नुसता खाली आलेला असशील. हे हवंय मला. रविवारचं नको, हे.

कागद घडी करून आतल्या खिशात ठेव, जिन्यात वारा असतो. नाही, ही पट्टी देणार नाही. ही माझ्या पाकिटात होती रविवारपासून. बघ, पेन्सिलनं लिहिलंय, पुसट झालंय, पण वाचता येतं — ‘नाही’. एवढंच लिहिलं होतं त्यानं. चिकटत नाही आता नीट. तू धर तिकडून. धर म्हणते, लहानपणी धरली होतीस तशी. हं. अंगठ्यानं दाब. पुरे.

जा आता. आणि तो उंटाचा कोट सांभाळ, शेवटून तिसरी पायरी सुटलीय. दार ओढून घे — खाली मुली आल्यात, मला बोर्ड उलटा लावायचाय, त्यांना भोंगा लागतो.